तोंड कुठे मिटायचं, कुठे उघडायचं

तुझं लग्न झालं, नाशकात बिऱ्हाड मांडलंस. आता लोकांच्या सुखदुःखाला तुलाच जावं लागणार. आजवर आईच्या पाठीमागे उभी राहिलीस तरी भागत होतं. यापुढे बेल तू वाजवायचीस आणि बोलायचंही तूच. म्हणून मावशी या नात्याने काही गोष्टी लिहून ठेवते. माझी सगळी नोकरी सरकारी रुग्णालयाच्या प्रसूती कक्षात गेली. आनंदात आणि दुःखात माणसं काय काय बोलून जातात ते तिथे रोज कानावर पडायचं.

नोकरीला लागले तेव्हा आमच्या इन्चार्ज सिस्टर नव्या मुलींना बजावायच्या, आधी केसपेपर वाचा, मग तोंड उघडा. का, ते सांगते. एका खाटेवर बाळंतीण असते आणि शेजारच्या खाटेवर तिसऱ्या महिन्यात गर्भ गेलेली बाई. दोघींच्या अंगावर तोच रुग्णालयाचा गाऊन. पहिलीचे नातेवाईक पेढ्यांचा पुडा घेऊन येतात, आनंदाच्या भरात दुसरीपुढेही धरतात आणि विचारतात, "तुला काय झालं गं, मुलगा की मुलगी?" ती पेढा घेते. हातातच धरून ठेवते. तळहाताच्या घामाने तो विरघळायला लागतो, तरी खात नाही आणि टाकतही नाही. विचारणारी बाई काही दुष्ट नसते, तिला ठाऊक नसतं इतकंच. मग आम्ही अशा बाईला होता होईतो भिंतीकडेची शेवटची खाट द्यायचो, आणि ड्युटी बदलताना आयाबाईंच्या कानावर घालून ठेवायचो.

रुग्णालयाबाहेर कोणाच्या उशाशी केसपेपर टांगलेला नसतो. म्हणून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेलीस की तिथल्या नव्या सुनेला, किंवा लग्नाला बरीच वर्षं झालेल्या मैत्रिणीला, "गोड बातमी कधी?" असं विचारायचं नाही. गमतीतही नाही. दिवस गेल्याचं कळल्यावरही शंभरातल्या १० ते २० जणींचा गर्भ टिकत नाही. त्यातले बहुतेक पहिल्या १२ आठवड्यांत जातात, म्हणजे बातमी चारचौघांत सांगायच्या आत. साधारण निम्म्या वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. जिने चढली, ऑफिसला गेली, एखादा जड डबा उचलला, यातलं काही कारण नसतं. पण तिने मनात सगळं स्वतःवर ओढून घेतलेलं असतं, आणि "तू तेव्हा कामावर जात होतीस ना?" एवढा एक प्रश्न तिची झोप उडवायला पुरतो.

मूल होण्यात अडचण येणाऱ्यांचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितलं की जगात साधारण सहा माणसांमागे एकाला आयुष्यात कधीतरी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. त्यात पुरुषही आले. तुझ्या सोसायटीतही अशी जोडपी असणार, तुला कळणारही नाही. त्यांना डॉक्टरांचे पत्ते, नवस, काढे सुचवू नकोस. त्यांच्यातली कुणी आपणहून बोलली तर ऐकून घे, आणि तिने सांगितल्याशिवाय तुझ्या नवऱ्याच्याही कानावर घालू नकोस.

समाचाराला जाशील तेव्हाही "कसं झालं हो?" हा प्रश्न गिळून टाक. येणारा प्रत्येक जण तेच विचारतो, आणि घरातली माणसं तीच शेवटची रात्र पुन्हा पुन्हा सांगत बसतात. त्यांना सांगावंसं वाटलं तर ती सांगतीलच. "सुटले बिचारे", "वय झालंच होतं", "देवाला आवडले" ही वाक्यं आपल्या सोयीची असतात, त्यांच्या कामाची नसतात. शेजारून पिठलं-भात करून आणण्याची आपल्याकडची जुनी रीत मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यात काही बोलावंच लागत नाही. तुला ते जमत नसेल तर दुसरं काम उचल. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते, आणि बँक, विमा, पेन्शन अशा प्रत्येक ठिकाणी दाखला मागतात. घरातल्या जाणत्या मुलाला बाजूला घेऊन "नोंदीचं मी बघू का? प्रती जास्तच काढून आणते," एवढंच म्हण. आणि उठताना निरोपाचे शब्द नकोत, मान हलवून निघायचं.

आत्महत्या झालेल्या घरात "का" हा शब्दच उच्चारू नकोस. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालायला सांगितलंय, त्याला गुन्हेगार ठरवायला नाही. कायदा इतका समजूतदार झाला असताना आपण त्या आईबापांची उलटतपासणी का घ्यावी? चिठ्ठी होती का, प्रेमाचं काही होतं का, अभ्यासाचं होतं का, अशी कुजबुज जिन्यात चालू असते. तिथे थांबूसुद्धा नकोस.

आजाराची बातमी ज्याची त्याने सांगायची. कुणाला क्षय झालाय, कुणाची केमो चालू आहे, हे घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "लवकर बरे व्हा" म्हणून टाकणारे खूप भेटतील. मनात माया असते, पण त्या मायेपायी एखाद्याची नोकरी जाते, एखादीचं ठरलेलं लग्न मोडतं. एचआयव्हीबाबत तर २०१७ चाच वेगळा कायदा आहे, संमतीवाचून दुसऱ्याची माहिती फोडता येत नाही. पगार, जात, घटस्फोट यांच्याबद्दल वेगळं काही लिहीत नाही. समोरच्याने विषय काढला नाही तर आपणही काढायचा नाही.

आता जमिनीच्या वाटणीचं. इथे गप्प राहण्याची गल्लत फार होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. वारसा कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा आहे. पण हा विषय भावाच्या लग्नाच्या पंगतीत किंवा दिवाळीच्या फराळाला काढू नये. भावाची बायको, तिचं माहेर, पोरंसोरं सगळी समोर असतात. कोणालाच मागे सरता येत नाही आणि पुढची कित्येक वर्षं राखी बंद होते. साधा दिवस बघावा, सातबारा समोर असावा, आईला पुढे बसवावं आणि सावकाश बोलावं. आणि नेमकं उलटंही घडतं. वडील जाऊन तेरा दिवस होतात न होतात तोच कुणीतरी हक्कसोडपत्र पुढे सरकवतं. बहिणी रडवेल्या असतात, आता काय बोलायचं म्हणून सही करतात. तुझ्यावर ती वेळ आली तर भांडू नकोस, रडू नकोस, "घरी नेऊन वाचते आणि मग सांगते" एवढंच म्हण. हक्क सोडायचा की नाही ते नंतर ठरव.

एवढं सगळं गप्प राहायला सांगितलं, म्हणून सगळीकडेच मूग गिळून बसशील तर मला ते चालणार नाही. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, मंगळसूत्र काढायचं, या प्रथा बंद करण्याचा ठराव तिथल्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. हे बोललं गेलं ग्रामसभेत, दिवसाउजेडी, ठराव मांडून. प्रेताशेजारी बसलेल्या बाईच्या मनगटापाशी वाद घालण्यापेक्षा आधीच असं बोलून ठेवणं मला फार शहाणपणाचं वाटतं. तुझ्या सासरच्या घरातही हा विषय सगळी धडधाकट असतानाच काढून ठेव. आणि आधी बोलणं झालं नसेल, तर ऐन वेळी कुणी बांगडीला हात घालताना दिसलं की त्या बाईच्या आणि त्या हाताच्या मध्ये जाऊन बस.

शेजारच्या घरातून रोज रात्री मारल्याचे आवाज येत असतील, एखाद्या मुलाला कुणी नको तिथे हात लावतंय अशी शंका आली, तर "त्यांच्या घरचा मामला" हे वाक्य तुझ्या तोंडून मला ऐकू येता कामा नये. दुखावलेल्या माणसाला आडोसा मिळावा म्हणून जीभ आवरायची असते. दुखावणाऱ्याला आडोसा देण्यासाठी नव्हे. बाईला आधी एकटीला गाठून विचार, तिला काय हवंय ते ऐक. मुलाच्या बाबतीत मात्र वाट बघू नकोस. २०१२ च्या पोक्सो कायद्याने लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही न कळवणं हा गुन्हा आहे. बायकांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, जीवाला धोका दिसला तर ११२. हे तीन नंबर आजच फोनमध्ये घालून ठेव, आणि जावईबापूंच्या फोनमध्येही.