तुझ्यावाचून चालणारा सर्व्हर

नाशिक

चि. सोनू हिस,


तुझा मेल वाचला. काही छोटी मासिकं, दोन-तीन वाचनालयं, एक नाट्यसंस्था आणि तुमचं गिर्यारोहण मंडळ मिळून भाड्याच्या सर्व्हरवर आपापली संकेतस्थळं आणि फाइली ठेवणार. देखभाल तुम्ही पाच-सहा जण नोकऱ्या सांभाळून करणार. कल्पना मला आवडली. मशीन कोणतं घ्यावं, असं तू विचारलंस. ते पुढे सांगते, पण आधी दुसरंच सांगायचं आहे. माझी सगळी नोकरी सर्व्हरच्या संगतीत गेली. मशीन लहान पडलं म्हणून अशी संस्था बंद पडल्याचं मी क्वचितच पाहिलं. सगळं ज्याला माहीत असतं तो एक माणूस दमतो, गाव बदलतो, संसारात गुंततो आणि कारभार तिथेच थांबतो. तुमच्या गटात तो माणूस तू होणार, हे तुझ्या मेलवरून दिसतंच आहे. म्हणून पहिल्या दिवसापासून सगळं तुझ्यावाचून चालेल अशी मांडणी कर.

काय देणार नाही याची यादी आधी करा. त्यात सर्वांत वर ईमेल. मेल सर्व्हर उभा करणं जमेल. आपला मेल समोरच्याच्या इनबॉक्सात पोचता ठेवणं हे मात्र कायमचं काम आहे. मेल खरंच आपलाच आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या सगळ्या नोंदी बिनचूक असल्या तरी एका सभासदाचा पासवर्ड चोरीला गेला आणि रात्रभर स्पॅम सुटला की सगळ्यांचा सामायिक आयपी पत्ता काळ्या यादीत जातो. मग अर्ज-विनंत्या करत बसायला दिवसाउजेडी वेळ हवा, आणि त्या वेळी तुम्ही कचेरीत असता. संकेतस्थळं आणि नेक्स्टक्लाउडवरच्या फाइली, एवढ्यावर पहिलं वर्ष काढा.

आता मशीन. एक मोठं घेण्यापेक्षा दोन लहान घ्या, दोन वेगळ्या कंपन्यांकडून आणि दोन वेगळ्या शहरांत. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबूर इथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरची एक इमारत आगीत संपूर्ण गेली. ज्यांनी बॅकअपही त्याच जागेत ठेवले होते, त्यांच्या हाती काहीच उरलं नाही. आणि कुणी ‘आपल्याकडे रेड आहे, मग बॅकअप कशाला’ म्हणालं तर त्याला समजावून सांग. एकच माहिती दोन डिस्कांवर ठेवणाऱ्या रेडमुळे एक डिस्क बिघडली तरी काम चालू राहतं. पण चुकून फाइल पुसली तर ती दोन्ही डिस्कांवरून एकदमच पुसली जाते.

रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड सगळ्यांना वाटू नका. प्रत्येकाचं स्वतःच्या नावाचं खातं, स्वतःची एसएसएच किल्ली, पासवर्डने लॉगइन बंद, आणि अधिकाराचं काम सुडोमधून. म्हणजे कुणी काय केलं ते लॉगमध्ये नावानिशी राहतं. यात संशयाचा प्रश्न नाही. रात्री काही बिघडलं तर सकाळी कुणाला विचारायचं हे कळतं, एवढंच. असे अधिकार निदान तिघांकडे हवेत, पण सभासद आहे म्हणून सरसकट कुणालाही नकोत. कुणी गट सोडला तर त्याची किल्ली त्याच दिवशी काढायची, मग तो कितीही जवळचा असो. हा नियम भांडण होण्याआधी लिहून ठेवला की त्यात अपमान वाटत नाही.

सर्व्हरइतकंच डोमेनच्या खात्याकडे लक्ष दे. डोमेन कुणा एकाच्या खाजगी ईमेलवर आणि त्याच्याच क्रेडिट कार्डावर घेतलेलं असतं. तो माणूस निघून जातो, कार्डाची मुदत संपते, सूचना न वाचल्या जाणाऱ्या पत्त्यावर जात राहतात आणि एका सकाळी सगळी संकेतस्थळं दिसेनाशी होतात. खातं संस्थेच्या नावाने काढ आणि त्याचा संपर्काचा ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नकोस, नाहीतर डोमेन गेलं की ते परत मिळवायचा रस्ताही बंद. तुझ्या आजोबांच्या पतसंस्थेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन माणसांकडे असत. तसं डोमेन, भाडं आणि बॅकअपची गुप्तकिल्ली या तिन्हींपर्यंत पोचणारी निदान दोन माणसं असू देत, आणि त्यातला एक जण तांत्रिक गटाबाहेरचा असू दे, खजिनदार किंवा चिटणीस.

सभासद एकमेकांपासून वेगळे ठेव. प्रत्येक संकेतस्थळाला वेगळा युनिक्स वापरकर्ता, वेगळा पीएचपी-एफपीएम पूल, वेगळा डेटाबेस वापरकर्ता, डिस्कचा कोटा आणि मेमरीची मर्यादा. जुनं प्लगइन असलेलं वर्डप्रेस कुणाचं ना कुणाचं असतंच. ते फुटलं तर त्याच घरापुरतं फुटावं, वाचनालयाची सूची त्यात जाऊ नये. काही चालेना म्हणून कुणी फोल्डरला ७७७, म्हणजे कुणालाही बदल करता येतील अशी, परवानगी दिली, तर ती काढून खरं कारण शोधायला लाव.

प्रणाली मुद्दाम कंटाळवाणी निवड. डेबियन स्टेबल पुरे. प्रत्येक आवृत्तीला साधारण तीन वर्षं पूर्ण आणि पुढे दोन वर्षं दीर्घ मुदतीचा आधार मिळतो, त्यामुळे आवृत्ती बदलायचा दिवस आधीच ठरवता येतो. सुरक्षेचे अपडेट आपोआप बसू देत. रीबूटची वेळ ठरवून सभासदांना कळवा. संकेतस्थळांना लागणारी लेट्स एन्क्रिप्टची प्रमाणपत्रं ९० दिवस चालतात, आणि मार्च २०२९ पासून सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत ४७ दिवसांवर येणार आहे. हाताने नूतनीकरण करायचा विचारही नको. मुदत संपत आल्याचे मेल लेट्स एन्क्रिप्टने २०२५ मध्ये बंद केले, तेव्हा नूतनीकरण खरंच होतंय का हे पाहणारी तपासणी दुसऱ्या मशीनवरून लाव.

बॅकअपबद्दल जरा जास्त लिहिते. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर मुख्य डेटाबेसची निर्देशिका पुसली. माणसाच्या हातून असं होतं. खरा धक्का नंतर बसला. रोजचा बॅकअप घेणारं साधन डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हतं, म्हणून तो अपयशी होत होता. आणि अपयश कळवणारे मेल डीमार्कच्या नियमामुळे नाकारले जात होते. योगायोगाने सुमारे सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत होती, तिच्यावर निभावलं. एवढ्या मोठ्या कंपनीने हे सगळं जाहीरपणे लिहिलं, म्हणून तुम्हाला फुकट शिकता येतंय. बॅकअपसाठी बोर्ग किंवा रेस्टिक हे साधन वापरा, प्रती कूटबद्ध ठेवा. मुख्य सर्व्हर ज्याच्या ताब्यात जाईल त्याला जुन्या प्रती पुसता येणार नाहीत, अशी सोय करा. आणि दर तीन महिन्यांनी एक संकेतस्थळ कोऱ्या मशीनवर परत उभं करून बघा. जो बॅकअप कधी परत उतरवून पाहिला नाही, तो आहे असं वार्षिक सभेत सांगू नका.

कायद्याचं एक काम राहिलं. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सायबर घटनेची खबर सहा तासांत देणं आणि लॉग १८० दिवस ठेवणं आलं आहे. तुमच्यासारख्या गटाला त्यातलं काय लागू पडतं, हे वकिलाला विचारून लिहून घ्या. सभासदांनाही सांगा, काय साठवलं जातं आणि कशासाठी. त्यांच्या फाइलींत डोकवायचा अधिकार मात्र रूट असल्याने मिळत नाही.

सभासदांना चोवीस तासांचं आश्वासन देऊ नकोस. ‘कामाच्या दिवशी रात्री नऊपर्यंत बघू’ असं म्हणा आणि ते पाळा. आठवड्याची पाळी लावा, आणि ज्याची पाळी नाही त्याने फोन उचलू नये. तुलाही हे लागू आहे. वर्षभराचं भाडं आगाऊ शिल्लक ठेवा. बंद कसं करायचं हेही आजच ठरवा. फ्रान्समधल्या फ्रामासॉफ्ट या संस्थेने २०१९ मध्ये आपल्या बऱ्याच सेवा टप्प्याटप्प्याने बंद करायचं जाहीर केलं, कारण सगळे आपल्याकडेच गोळा व्हावेत हे त्यांना नको होतं. लोकांना दुसऱ्या लहान संस्थांकडे वळायला त्यांनी वेळ दिला. सभासदाला आपला सगळा डेटा घेऊन केव्हाही जाता आलं पाहिजे. सहकारात राहणं हे मर्जीचं असतं.

पहिला सभासद घेण्याआधी एक चाचणी कर. ज्याने मांडणीत हात घातला नाही अशा एकाला बसव. त्याला फक्त तुम्ही लिहिलेली टिपणं आणि बॅकअप दे, आणि कोऱ्या मशीनवर सगळं उभं करायला सांग. तू शेजारी बस, पण बोलू नकोस. तो जिथे जिथे अडेल तिथे टिपणात ओळ घाल, आणि तो न अडता शेवटपर्यंत पोचला की मला कळव. तुमच्यातल्या एका वाचनालयाची पहिल्या वर्षाची वर्गणी मी भरते.

तुझी,
मावशी