छाटणीपूर्वी दहा मिनिटे



ईस्टर झाला की वलवणमध्ये पावसाळ्याची तयारी सुरू होते. कौले शाकारली जातात, गटारे उपसली जातात आणि कुंपणाची व झाडांची छाटणी होते. इथला पाऊस कसा असतो हे आपल्याला सांगायला नको. छपरावर वाकलेली फांदी तशीच ठेवून चालत नाही. परंतु मार्च ते जून हाच बागेतील बऱ्याच पक्ष्यांचा विणीचा हंगाम असतो. म्हणून कोयता हाती घेण्यापूर्वी आपली बाग पाहायला शिकणे, हा आजचा विषय.

कोण कुठे राहते?

बुलबुल कुंपणाच्या झुडपात वाटीसारखे घरटे करतो. शिंपी पक्षी रुंद पाने टाके घालून शिवतो. शिंजीर पक्ष्याचे लोंबते घरटे कोळ्याच्या जाळ्यात अडकलेल्या कचऱ्यासारखे दिसते. ते आपण कचरा समजूनच ओढून काढतो. दयाळ झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात राहतो. 'टुक टुक' करणारा तांबट वाळक्या फांदीत भोक कोरतो. म्हणजे आपण ज्याला वाढलेले कुंपण, कचरा आणि वाळके लाकूड म्हणतो, तेच यांचे घर असते.

कसे पाहावे?

दुर्बिणीची गरज नाही. सकाळी चहा घेताना किंवा रविवारी मिस्साहून आल्यावर एका जागी दहा मिनिटे शांत बसावे. असे आठवडाभर करावे. तीन खुणा लक्षात ठेवाव्यात :

१. चोचीत काडी किंवा कापूस असेल, तर घरटे बांधले जात आहे.

२. चोचीत अळी आहे, पण पक्षी ती गिळत नाही आणि पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी शिरतो, तर तिथे पिल्ले आहेत.

३. झुडपातून निघताना चोचीत पांढरी गोळी दिसली, तर ती पिल्लांची विष्ठा होय. आईबाप ती उचलून दूर टाकतात.

खूण पटली की जवळ जाऊन फांद्या बाजूला करू नयेत. आपण उघडी केलेली जागा कावळ्याला आणि मांजराला लगेच दिसते.

मग छाटणी कधी?

बुलबुलाची अंडी सुमारे दोन आठवड्यांत फुटतात आणि पुढच्या दोन आठवड्यांत पिल्ले घरटे सोडतात. म्हणजे महिनाभर तेवढीच फांदी सोडून द्यायची. बाकीचे काम करता येते. छपरावरच्या किंवा तारांजवळच्या फांद्यांची मोठी छाटणी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये उरकावी. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वन्य पक्ष्यांची अंडी व घरटी यांना इजा करणे हा गुन्हा आहे, हेही माळ्याला सांगून ठेवावे.

औषध फवारताना हात आखडता घ्यावा. दाणे खाणारी चिमणीसुद्धा आपल्या पिल्लांना किडे भरवते.

पिल्लू खाली सापडले तर?

अंगावर पिसे असलेले, आखूड शेपटीचे पिल्लू उडायला शिकत असते. आईबाप जवळच असतात. कुत्रे-मांजर दूर ठेवून त्याला जवळच्या झुडपात बसवावे. उघडे, बिनपिसांचे पिल्लू असेल तर अलगद उचलून घरट्यात ठेवावे. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हा समज खरा नाही.

घरी करण्यासाठी

मुलांनी एका वहीत तारीख, वेळ, पक्षी आणि तो काय करत होता, एवढे लिहावे. नाव माहीत नसेल तर रंग व आकार लिहावा. पावसाळ्यात पहाटे ओढ्याकडून एखादा मुलगा निरुद्देश शीळ घालत असल्यासारखे ऐकू आले, तर तो शीळकरी कस्तूर. त्याचीही नोंद करावी.

आपल्या राज्यात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस. मोठ्या छाटणीचा योग्य काळही तेव्हाच सुरू होतो. तोपर्यंत वहीत पुरेशा नोंदी झाल्या, तर कोणती फांदी काढायची आणि कोणती ठेवायची, हे आपल्याला कोणाला विचारावे लागणार नाही.