पर्समधली बॅटरी: पैसे कुठे घालायचे?

आपल्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि बॅटरीला सेल. खरेदीतला घोटाळा तिथूनच सुरू होतो. बॅटरी आपण चार दुकानं हिंडून बघतो आणि सेल मात्र दुकानदार देईल तो घेतो.

रात्रपाळीहून परतताना टॉर्च हवा तो मारामारीसाठी नव्हे. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर झोत पडला की समोरचा काही क्षण दिपतो. तेवढ्यात आपण माणसांच्या दिशेने सटकायचं आणि ११२ लावायचा. त्यासाठी ३०० ते ५०० ल्यूमेन पुष्कळ झाले. खोक्यावर ‘एक लाख ल्यूमेन’ असेल तर हसून पुढे जावं. हजाराच्या वरचा आकडा खरा असला तरी मुठीत मावणारा टॉर्च मिनिट-दोन मिनिटांत तापतो आणि उजेड आपोआप उतरतो. उसाला रात्री पाणी द्यायला जाणाऱ्यांचं गणित निराळं. त्यांना लांब जाणारा झोत हवा. पण खोक्यावरचे ‘२०० मीटर’ म्हणजे तिथवर पौर्णिमेच्या चांदण्याइतकाच उजेड, हे लक्षात ठेवा.

दुकानात डोळे मिटून बटण दाबून बघा. पहिल्याच दाबाला पूर्ण उजेड हवा. पुष्कळ टॉर्चमध्ये आधी मंद, मग मध्यम, मग लुकलुक अशी बाराखडी असते. घाबरलेल्या अंगठ्याला ती जमत नाही. बटण शेपटाकडे असलेलं बरं. असा धातूचा टॉर्च साधारण ८०० ते २००० रुपयांत मिळतो.

आता सेल. ‘१८६५०’ म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब लिथियम सेल. चांगल्यातल्या चांगल्या सेलची क्षमता ३५०० एमएएचच्या आसपास असते. मी एकदा ‘९९००’ छापलेला घेतला, १५० रुपयांत, वर स्वस्तात मिळाला म्हणून खूश. दुसऱ्याच रात्री जिन्यात उजेड मालवला. घरी स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवला तर २८ ग्रॅम! खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. तेव्हापासून काटा हाच माझा तज्ज्ञ. खात्रीचा सेल ३०० ते ५०० रुपयांना पडतो, चार्जर तेवढ्याच्याच घरात; पण तीनशे-चारशे वेळा चार्ज होतो. रोज वापरणाऱ्याने इथे हात आखडू नये. अल्कलाइन पेन्सिल सेलची जोडी साधारण ८० रुपये धरली आणि महिन्याला एक लागली, तरी वर्षाचे ९६० होतात.

टॉर्च क्वचितच लागत असेल तर पेन्सिल सेलवाला, तीन-चारशेचा घ्या. मात्र अल्कलाइन सेल महिनोन् महिने आत ठेवून विसरलात तर गळतात आणि स्प्रिंगवर पांढरट खार धरतो. जुना आणि नवा सेल एकत्र घालणं तर नकोच.

जादा लिथियम सेल पर्समध्ये सुटा टाकू नका. किल्ल्यांना टेकून शॉर्ट झाला तर पेट घेऊ शकतो. वीस-तीस रुपयांची प्लास्टिकची डबी मिळते, ती घ्या. टॉर्चही बॅगेत चुकून लागून तापू नये म्हणून बऱ्याच मॉडेलांत शेपटाची टोपी पाव फेरा सैल करून ठेवता येते. फक्त घराबाहेर पडताना, उंबऱ्यातच ती पुन्हा आवळायची.