स्वाती जागची हलते

उन्हाळ्याच्या रात्री सप्तर्षींच्या शेपटीची कमान तशीच पुढे वाढवली, की नारिंगी रंगाची ठळक स्वाती सापडते. शेजारच्या ताऱ्यांतील तिची जी जागा आपल्या आजोबांनी पाहिली, तीच आपण पाहतो. ग्रह भटके आणि तारे ‘स्थिर’, असे पूर्वी मानत ते यामुळेच.

इ. स. १७१८ मध्ये एडमंड हॅले (धूमकेतूवाला हॅले तो हाच) जुन्या ग्रीक वेधांची आपल्या काळच्या वेधांशी तुलना करीत होता. इ. स. पूर्वी दुसऱ्या शतकात हिपार्कसने घेतलेले वेध टॉलेमीच्या ग्रंथामुळे टिकून राहिले होते. ताऱ्याचे क्रांतिवृत्तावर मोजलेले स्थान म्हणजे भोग आणि क्रांतिवृत्तापासून उत्तरेस वा दक्षिणेस असलेले अंतर म्हणजे शर. संपातचलनामुळे सर्व ताऱ्यांचे भोग सारखेच वाढत जातात, हे हिपार्कसलाच उमगले होते. शरांत मात्र फारसा फरक पडू नये. पण स्वाती, व्याध आणि रोहिणी हे तीन तारे जुन्या नोंदींपेक्षा अर्ध्या अंशाहून अधिक दक्षिणेला आढळले!

मग चूक कोणाची? ते वेध नुसत्या डोळ्यांनी घेतलेले. जुने लोक चुकले, असे म्हणून हॅले मोकळा होऊ शकला असता. त्याने तसे केले नाही. तिन्ही तारे तेजस्वी, म्हणून बहुधा जवळचे. तेव्हा त्यांचीच हालचाल आधी नजरेत भरणार, असा त्याचा तर्क. शेजारून जाणारी सायकल झर्रकन् पुढे जाते, पण दूर डोंगराखालची एस. टी. जागीच उभी वाटते, तसेच हे.

रोहिणीबाबत मात्र तो फसला. ताऱ्याच्या अशा स्वतःच्या सरकण्याला निजगती म्हणतात. रोहिणीची निजगती वर्षाला जेमतेम ०·२ विकला, म्हणजे साऱ्या काळात सहाएक कला. एवढे त्या वेधांवरून कळणे शक्यच नव्हते. स्वातीचे तसे नाही. १७३८ साली जाक कासीनीने रिशेच्या १६७२ मधील वेधांशी तुलना करून तिचे सरकणे पुन्हा दाखवून दिले.

स्वातीची निजगती वर्षाला २·२८ विकला. तिला १८५० वर्षांनी गुणा: ४,२१८ विकला. ३,६०० विकलांचा एक अंश, आणि पूर्ण चंद्राचे बिंब अर्ध्या अंशाचे. म्हणजे स्वाती दोन चंद्रबिंबांहून अधिक सरकली! ‘गाया’ या युरोपीय यानाने २०१४ ते २०२५ या काळात शंभर कोटींहून अधिक ताऱ्यांची अशी मोजणी केली. त्याला शतके थांबावे लागले नाही.

व्याधाची निजगती वर्षाला सुमारे १·३ विकला आहे. एका चंद्रबिंबाएवढे सरकायला त्याला किती वर्षे लागतील, ते वहीत काढून पाहा.