दोन ध्वजांखाली

शर्यत म्हटली म्हणजे प्रत्येक स्पर्धकाने दुसऱ्याच्या पुढे जाण्याची धडपड करावयाची, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु सायकलींची एक शर्यत अशी आहे की, तिच्या आरंभी दोन्ही स्पर्धक मागे राहण्यासाठीच धडपडत असतात! इशारा होतो, सायकली निघतात; पण वेगाने नव्हे, तर वरातीतील घोड्यासारख्या संथ चालीने. पुढची खेळाडू वारंवार मान वळवून मागे पाहते. मागची तिच्यावरची नजर क्षणभरही ढळू देत नाही. कधी कधी तर पुढची एकाएकी थांबते. पाय जमिनीला न लावता, पुढचे चाक किंचित वळवून, तोल सावरीत ती जागच्या जागी उभी राहते. मागचीही थांबते. सारे प्रेक्षागृह स्तब्ध होते. आधी कोण हलणार?

आणि मग विजेचा लोळ सुटावा तशा दोन्ही सायकली सुटतात. संथपणा कोठल्या कोठे जातो. ताशी साठ किलोमीटरांहून अधिक वेगाने त्या शेवटचे वळण घेतात आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच अंतिम रेषा ओलांडतात. हिला स्प्रिंट शर्यत असे म्हणतात.

ही शर्यत ज्या धावमार्गावर होते त्याची रचना मोठी विलक्षण असते. तो लंबवर्तुळाकार असून त्याची वळणे कढईच्या कडांप्रमाणे आतल्या बाजूला उतरती असतात. अडीचशे मीटर लांबीच्या धावमार्गावर हा उतार सुमारे बेचाळीस अंशांचा असतो. पायी चालणाऱ्याला तेथे उभे राहणेही कठीण. मग सायकल तेथे टिकते कशी? वळण घेताना सायकलीला जे आतल्या बाजूचे बळ हवे असते, ते या उतारामुळेच मिळते. म्हणून जितका वेग अधिक, तितकी ती त्या भिंतीसारख्या वळणावर निर्धास्तपणे धावते. वेग अगदीच मंदावला, तर मात्र घसरण्याचे भय असते.

सायकलही आपल्या नेहमीच्या सायकलीसारखी नसते. तिला ब्रेक नसतात. पायटे न मारता तिला नुसते पळू देण्याचीही सोय तिच्यात नसते. चाक फिरत आहे तोवर पायटेही फिरतच राहतात. गती कमी करावयाची झाल्यास पायांनीच पायट्यांना विरोध करावा लागतो. अशा यंत्रावर बसून, हातभर अंतरावरील प्रतिस्पर्ध्याशी झुंजावयाचे असते!

मग आरंभी मागे राहण्याची ही धडपड कशासाठी? याचे पहिले कारण वारा. सायकल जसजशी वेगाने धावते तसतसा हवेचा विरोध झपाट्याने वाढत जातो. पुढच्या स्पर्धकाला तो सारा विरोध अंगावर घ्यावा लागतो. मागच्याला मात्र, वादळात वडीलधाऱ्यांच्या आडोशाने चालणाऱ्या मुलाप्रमाणे, पुष्कळसा निवारा मिळतो. त्याची शक्ती वाचते आणि ती शेवटच्या क्षणी उपयोगी पडते. दुसरे कारण असे की, मागच्याला पुढच्याची प्रत्येक हालचाल दिसते. पुढच्याला मात्र मान वळवावी लागते. म्हणून या शर्यतीत केवळ मांड्यांतील बळ पुरत नाही. बुद्धिबळाच्या पटावर लागते तसली सावधगिरी, धीर आणि अचूक क्षणाची पारख यांचीही तितकीच आवश्यकता असते. प्रथम शेवटच्या दोनशे मीटरांची वेळ मोजून स्पर्धकांचा क्रम लावतात. त्यानंतर दोघा-दोघांच्या झुंजी होतात आणि शेवटच्या फेऱ्यांत तीनपैकी दोन धावा जिंकणारा विजयी ठरतो.

पुरुषांसाठी ही शर्यत १८९६ साली अथेन्स येथे भरलेल्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिक सामन्यांतच झाली होती. स्त्रियांना मात्र दीर्घ काळ वाट पाहावी लागली. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत त्यांची स्प्रिंट शर्यत १९५८ साली सुरू झाली. ती सोव्हिएत संघाच्या गालिना येर्मोलायेवा हिने जिंकली. तिने पुढेही हे पद पाच वेळा मिळविले. तिचे शेवटचे अजिंक्यपद १९७२ सालचे. म्हणजे पहिल्या विजयानंतर चौदा वर्षांनी मिळविलेले! परंतु एवढे कर्तृत्व असूनही ऑलिंपिकच्या धावमार्गावर पाऊल ठेवण्याचे भाग्य तिला लाभले नाही. कारण तेथे स्त्रियांसाठी ही शर्यतच नव्हती. ते द्वार १९८८ साली, दक्षिण कोरियातील सोल येथे उघडले. तेव्हाही धावमार्गावरील पुरुषांच्या शर्यती पाच होत्या आणि स्त्रियांची ही एकच.

त्या पहिल्या शर्यतीच्या अंतिम झुंजीत दोन असामान्य खेळाडू समोरासमोर आल्या. एक होती पूर्व जर्मनीची क्रिस्टा लुडिंग-रोथेनबुर्गर. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत तिने कॅनडातील कॅल्गरी येथे, हिवाळी ऑलिंपिकमध्ये, बर्फावरील स्केटिंगच्या एक हजार मीटर शर्यतीत सुवर्णपदक मिळविले होते. दुसरी होती सोव्हिएत संघाच्या चमूतील सव्वीस वर्षांची एरिका सालुमॅए. १९८७ सालची जागतिक अजिंक्यवीर. या झुंजीत एरिका विजयी झाली. क्रिस्टाला रौप्यपदक मिळाले. तथापि एकाच वर्षी हिवाळी व उन्हाळी अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये पदक मिळविणारी ती जगातील एकमेव खेळाडू ठरली. हे दोन्ही सामने पुढे निरनिराळ्या वर्षी होऊ लागल्यामुळे तिचा हा मान तिच्यापाशीच राहिला आहे.

विजयमंचावर एरिका उभी राहिली. सोव्हिएत संघाचा लाल ध्वज वर चढला आणि त्याचे राष्ट्रगीत वाजू लागले. परंतु एरिकाची मायभूमी ती नव्हती. तिचा जन्म ११ जून १९६२ रोजी पॅर्नू या समुद्रकाठच्या गावी झाला होता, आणि ते गाव होते एस्टोनियात.

एस्टोनिया हा बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावरील, सुमारे चौदा लाख लोकवस्तीचा एक चिमुकला देश. १९१८ साली त्याने स्वातंत्र्य घोषित केले. १९३६ सालच्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये त्याच्या क्रिस्त्यान पालुसालू या मल्लाने कुस्तीच्या दोन प्रकारांत दोन सुवर्णपदके जिंकली होती. पण पुढे १९४० साली सोव्हिएत संघाने हा देश गिळंकृत केला. त्याचा निळा, काळा व पांढरा असा तिरंगी ध्वज फडकविणे हा अपराध ठरला. जगाच्या क्रीडांगणावरून एस्टोनियाचे नावच पुसले गेले. तेथील खेळाडू जिंकत. पण त्यांचे विजय दुसऱ्याच्या खात्यावर जमा होत.

एरिका सोल येथे धावत होती त्याच महिन्यात, सप्टेंबर १९८८ मध्ये, एस्टोनियाची राजधानी टॅलिन येथे एक अपूर्व दृश्य दिसले. गीतमहोत्सवाच्या विस्तीर्ण मैदानावर लाखो माणसे जमली आणि आपल्या भाषेतील देशगीते एकमुखाने गाऊ लागली. हाती शस्त्र नाही, मुखी शिवी नाही, केवळ गीत! त्या लोकांच्या या लढ्याला पुढे ‘गाती क्रांती’ असेच नाव पडले. फेब्रुवारी १९८९ मध्ये टॅलिनच्या जुन्या किल्ल्याच्या उंच बुरुजावर तो बंदी घातलेला तिरंगी ध्वज पुन्हा फडकला. त्याच वर्षी ऑगस्टच्या २३ तारखेला एस्टोनिया, लाटविया व लिथुएनिया या तिन्ही शेजारी देशांतील लक्षावधी स्त्रीपुरुषांनी हातात हात घालून शेकडो किलोमीटर लांबीची मानवी साखळी उभारली. अखेर २० ऑगस्ट १९९१ रोजी एस्टोनियाने आपले स्वातंत्र्य परत मिळविले.

पुढच्याच वर्षी स्पेनमधील बार्सेलोना येथे ऑलिंपिक सामने भरले. सोव्हिएत संघ आता उरला नव्हता. त्यातील बहुतेक देशांचे खेळाडू एका संयुक्त चमूतून उतरले. परंतु बाल्टिक किनाऱ्यावरील तिन्ही देश आपापल्या नावाने आणि आपापल्या ध्वजाखाली आले. एस्टोनियाचे नवे चलन सुरू होऊन तेव्हा जेमतेम महिना लोटला होता. नव्याने घर थाटणाऱ्या कुटुंबासारखी त्या देशाची अवस्था होती. हौस मोठी, पण गाठीला फारसे काही नाही. पूर्वी एरिकाच्या पाठीशी एका बलाढ्य राष्ट्राची साधनसंपत्ती होती. आता होते केवळ एका लहानशा देशाचे प्रेम. शिवाय तिचे वय तीस वर्षांचे झाले होते. चार वर्षांपूर्वीचे पदक टिकविणे म्हणजे सारे बळ पुन्हा नव्याने पणाला लावणे होते.

ओर्ता येथील उघड्या धावमार्गावर एरिका एकेक झुंज जिंकीत अंतिम फेरीत पोहोचली. तेथे तिची गाठ जर्मनीच्या ॲनेट नॉयमान हिच्याशी पडली. पुन्हा तीच संथ चाल, तेच मागे वळून पाहणे, तीच श्वास रोखून धरलेली प्रतीक्षा आणि मग तो प्राणपणाचा वेग! एरिकाने ती झुंज जिंकली. छप्पन्न वर्षांनंतर एस्टोनियाच्या नावापुढे ऑलिंपिकचे सुवर्णपदक लिहिले गेले.

पदकदानाचा समारंभ सुरू झाला. ध्वज वर चढू लागले आणि एक चमत्कारिक गोष्ट घडली. एस्टोनियाचा ध्वज उलटा लावला गेला होता! निळा रंग वर असावयाचा, तो खाली आला होता आणि पांढरा वर गेला होता. इतकी वर्षे तो ध्वज जगाच्या दृष्टीआड राहिला होता की, त्याची कोणती बाजू वरची, हेही तो लावणाऱ्यांच्या ध्यानी आले नाही. ही चूक लहान खरी. पण परक्या सत्तेखाली एका राष्ट्राची ओळख किती पुसली जाते, हे त्या एका चुकीने साऱ्या जगाला सांगितले. आणि ती ओळख पुन्हा करून देणारी होती एक सायकलपटू. सोल येथे तिने परक्या ध्वजाखाली पदक स्वीकारले होते. बार्सेलोना येथे ध्वज उलटा होता, पण तो तिचा स्वतःचा होता.

स्त्रियांच्या सायकल-शर्यतींची वाटही हळूहळू रुंद होत गेली. १९९२ साली धावमार्गावर त्यांच्या दोन शर्यती झाल्या. २०१२ साली लंडन येथे धावमार्गावरील स्त्रीपुरुषांच्या शर्यतींची संख्या प्रथमच समान, म्हणजे पाच-पाच झाली. गालिना येर्मोलायेवा हिच्या पहिल्या अजिंक्यपदाला तेव्हा चोपन्न वर्षे लोटली होती.

स्प्रिंटच्या शर्यतीत आरंभी मागे असणे हा पराभव नव्हे. मागे राहून जो शक्ती राखतो, डोळे उघडे ठेवतो आणि क्षण येताच सर्वस्व पणाला लावतो, तोच शेवटी रेषा आधी ओलांडतो. बाल्टिक किनाऱ्यावरील त्या चिमुकल्या देशाने पन्नास वर्षे हेच केले. आणि त्याच्या कन्येने धावमार्गावर तेच करून दाखविले.

अभ्यास

१. स्प्रिंट शर्यतीच्या आरंभी स्पर्धक मागे राहण्याचा प्रयत्न का करतात? दोन कारणे सांगा.

२. धावमार्गावरील सायकल व नेहमीची सायकल यांत कोणते फरक आहेत?

३. ‘त्यांचे विजय दुसऱ्याच्या खात्यावर जमा होत,’ या वाक्याचा आशय स्पष्ट करा.

४. ध्वज उलटा लावला गेल्याच्या प्रसंगातून कोणती गोष्ट सूचित होते?

५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : श्वास रोखणे, पणाला लावणे, गिळंकृत करणे, दृष्टीआड राहणे.