शालेय कार्यशाळेत वीजपुरवठा संचांची जोडणी

नागपूरनजीकच्या कोराडी वीज केंद्रातील ६६० मेगावॅटचे संच एकाच जाळ्याला वीज पुरवितात. तथापि, कोणताही संच जाळ्याशी जोडण्यापूर्वी विद्युतदाब, वारंवारता व कला यांचा मेळ घालावा लागतो. मेळ नसताना केलेली जोडणी संचास घातक ठरते. शाळेच्या लहानशा कार्यशाळेतही दोन वीजपुरवठा संच एकत्र आणताना अशीच शिस्त पाळावी लागते.

नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळा योजनेमुळे २०१६ पासून इयत्ता सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना यंत्रे घडविण्याची संधी मिळू लागली. लाकडावर कोरीवकाम करणाऱ्या छोट्या यंत्राच्या मोटरींना पुष्कळदा २४ ते ४८ व्होल्ट दाब लागतो. एक संच अपुरा पडल्यास दुसरा जोडण्याचा विचार साहजिकच पुढे येतो.

जोडणीचे प्रकार

२४ व्होल्ट, १० अँपिअरचे दोन संच एकसर जोडल्यास ४८ व्होल्ट मिळतात. प्रवाहाची मर्यादा मात्र १० अँपिअरच राहते. समांतर जोडणीत दाब तोच राहून प्रवाहक्षमता वाढावी, अशी अपेक्षा असते. परंतु ज्या संचाचा दाब किंचित अधिक, त्याच्यावरच बहुतेक भार पडतो. म्हणून भार वाटून घेण्याची सोय असलेलेच संच समांतर जोडावेत. त्याहून सोपा उपाय म्हणजे मोटरींची विभागणी करून प्रत्येक गटास स्वतंत्र संच देणे.

खरा धोका

जुन्या संगणकातील संच स्वस्तात मिळतात. त्यांचे ऋण टोक धातूच्या पेटीस व पेटीमार्फत भूसंपर्कास जोडलेले असते. असे दोन संच एकसर जोडले, की पहिल्याचे धन टोक दुसऱ्याच्या पेटीतून थेट जमिनीशी जोडले जाते आणि शॉर्ट सर्किट होते. यावर उपाय म्हणून काही जण अर्थिंगची तार तोडतात. हे कदापि करू नये. आतील विद्युतरोधन निकामी झाल्यास पेटीवर २३० व्होल्टचा दाब येतो आणि तिला हात लावणाऱ्या विद्यार्थ्याच्या जिवावर बेतते. एकसर जोडणीसाठी ज्यांची दोन्ही टोके भूसंपर्कापासून अलग आहेत व ज्यांच्या उत्पादकाने तशी मुभा दिली आहे, असेच संच वापरावेत.

ग्रामपंचायतीचे सहकार्य

अर्थिंगची तार शाबूत असली, तरी जमिनीतील भूसंपर्कही चांगला हवा. विदर्भातील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते व कोरडी पडते. त्यामुळे भूसंपर्काचा रोध वाढतो. त्या खड्ड्यात नियमित पाणी घालणे हे अल्प खर्चाचे, परंतु मोलाचे काम आहे. जूनअखेर शाळा उघडण्यापूर्वी परवानाधारक तारतंत्रीकडून अर्थिंगची तपासणी करून घेण्याचे काम ग्रामपंचायत व मुख्याध्यापकांनी मिळून केल्यास विद्यार्थ्यांच्या प्रयोगशीलतेला सुरक्षिततेची जोड लाभेल.