विश्वकिरण आणि सजीवांचे शरीर
(इयत्ता ६ वी व ७ वीच्या शिक्षकांकरिता पाठ-टिपण)



दि. २६ डिसेंबर २०१९ रोजी सकाळी सूर्यग्रहण होते. त्या दिवशी मी एका शाळेस भेट दिली असता वर्गाच्या खिडक्या लावून घेतलेल्या आढळल्या. "बाहेर अवकाशातले घातक किरण आहेत," असे मुलांस सांगण्यात आले होते. हेतू काळजीचा होता, परंतु शिकवण चुकीची होती. ग्रहणकाळी सूर्यापासून कोणतेही नवे किरण येत नाहीत. उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहिल्यास नेत्रपटलास इजा होते, हा धोका मात्र खरा आहे. अवकाशातील किरणांची हकिकत निराळी असून ती मुलांस नीट सांगितली पाहिजे.

विषयविवेचन : विश्वकिरण म्हणजे मुख्यतः अतिवेगवान विद्युद्भारित कण होत. त्यांत प्रोटॉन पुष्कळ व जड अणुकेंद्रे थोडी असतात. असे कण हवेत शिरले म्हणजे एकातून अनेक कणांचा वर्षाव कसा होतो, याची उपपत्ती डॉ. होमी भाभा यांनी हाइटलर यांच्यासह १९३७ साली मांडली.

हा कण पेशीतून गेला की तेथील डीएनए तुटण्याचा संभव असतो. डीएनए दोन पदरी दोरासारखा असतो. एक पदर तुटल्यास दुसऱ्याच्या आधाराने पेशी तो सांधते. दोन्ही पदर एकाच ठिकाणी तुटले तर सांधा चुकण्याचा संभव असतो. तसे झाल्यास पेशी मरू शकते किंवा बिघडू शकते. अशा बिघाडातून पुढे अनेक वर्षांनी कर्करोग उद्भवू शकतो. डोळ्यांत मोतीबिंदूही होऊ शकतो.

आपले कवच : आपल्या डोक्यावरील हवेचा थर सुमारे १० मीटर खोल पाण्याच्या वजनाइतका आहे. शिवाय पृथ्वीचे चुंबकत्व पुष्कळ कण वळविते. म्हणून समुद्रसपाटीवर विश्वकिरणांची मात्रा वर्षाला सुमारे ०.३ मिलिसीव्हर्ट एवढीच असते. अवकाशस्थानकात तितकी किंवा अधिक मात्रा एका दिवसातच मिळते. चंद्राकडे जाणाऱ्यास ही दोन्ही कवचे नसतात. ऑगस्ट १९७२ मध्ये मोठे सौरवादळ झाले. त्या वेळी अपोलो १६ चे यात्री परतले होते व अपोलो १७ चे निघावयाचे होते, हे सुदैव होय.

कृती : दोन पदरी सुतळी घ्यावी. प्रथम एक पदर, नंतर दोन्ही पदर कापून फरक दाखवावा.

प्रश्न :
१. ग्रहणात विश्वकिरण वाढतात काय? कारण सांगा.
२. शुभांशू शुक्ला २०२५ साली अवकाशस्थानकात सुमारे १८ दिवस राहिले. रोजची मात्रा ०.५ मिलिसीव्हर्ट धरल्यास एकूण किती?

दि. २ ऑगस्ट २०२७ रोजी आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे. पाऊस उघडल्यास पुठ्ठ्याच्या बारीक छिद्रातून सूर्याची प्रतिमा कागदावर पाडून मुलांस दाखवावी. त्या दिवशी वर्गाच्या खिडक्या उघड्या असाव्यात, एवढीच विनंती.